काजळीची नळी

११ फेब्रुवारी

वन्सं,

आधी चांगली बातमी सांगते, कारण माझं अक्षर ओळखल्यावर तुम्ही पत्र अर्धंच वाचाल याची मला खात्री आहे. ठकीचे टाके काढले. जखम कोरडी आहे. ताप नाही, पू नाही, हात काळा पडलेला नाही. तुम्ही म्हणाला होतात तसं काही झालेलं नाही. आता हवं तर पत्र ठेवून द्या.

अजून वाचत असाल तर पुढचं लिहिते. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद घेतला. कागद निदान कापता येत नाही. म्हणजे कापता येतो, पण त्याला कात्री लागते आणि तुमची कात्री कधी जागेवर नसते.

त्या दिवशी तुम्ही इस्पितळात पोचलात तेव्हा सगळे घाईत होते. तुम्हाला कोणी धड समजावलंच नाही. दुकानात मोठी काच उतरवताना ती निसटली आणि ठकीनं सवयीनं हात पुढे केला. काचेच्या दुकानात पहिल्याच दिवशी शिकवतात, पडणारी काच धरायची नाही, पडू द्यायची. इतकी वर्षं तिनं पडू दिल्या, या वेळी धरली. मनगटापासून दोन-तीन बोटं वर कापलं. स्नायूंच्या दोऱ्या डॉक्टरांनी लगेच जोडल्या. पण अंगठ्याकडे आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांकडे जाणारी नस नुसती कापली नव्हती, चेंगरली होती. खराब झालेली टोकं काढून टाकावी लागली आणि मध्ये दोन बोटं मावतील एवढी फट राहिली. ओढून जोडता येईना.

दोन रस्ते होते. पायातली एक नस काढून ती हातात बसवायची, म्हणजे पावलाची कड जन्मभर बधिर. शिडीवर उभं राहून काचा बसवणाऱ्या पोरीनं पाऊल कसं बधिर करून घ्यायचं? दुसरा रस्ता इथल्या इस्पितळात चाललेल्या चाचणीचा. फटीत एक बारीक नळी बसवायची आणि नसेनं तिच्यातून वाढत पलीकडे जायचं. ती नळी ज्या बाई बनवतात, त्या तिथं उभ्याच होत्या.

तुम्ही विचारलंत, “नळी कशाची?”

त्या म्हणाल्या, “बाहेरची विरघळून जाते. आतून कार्बनचा थर आहे.”

“कार्बन म्हणजे काजळीच ना?”

“नात्यातली आहे,” त्या म्हणाल्या. खोटं बोलता येत नाही त्या बाईंना.

“नात्यातल्यांनीच खाल्लंय आमचं घर,” तुम्ही म्हणालात. “माझा भाऊ काजळी ओढून गेला, आता त्याच्या पोरीच्या हातात तीच भरा.” मग माझ्याकडे वळून विचारलंत, हो कोण म्हणालं. मी म्हटलं, मीच तिला हो म्हणायला लावलं. तुम्ही पिशवी उचललीत आणि गेलात.

वन्सं, मी तुम्हाला दोष देत नाही. यांचे शर्ट लग्नाआधी तुम्ही धुतलेत, नंतर मी. पाणी किती वेळा बदललं तरी काळंच यायचं. उशीचे अभ्रे मी शेवटी गडद रंगाचेच आणले. टायरसाठी काजळी बनवणाऱ्या कारखान्यात माणूस वीस वर्षं काम करतो तेव्हा ती त्याच्या कानात, नखांत, छातीत सगळीकडे जाते, हे तुम्हाला आणि मला वेगळं सांगायला नको.

पण ऑपरेशन झाल्यापासून मी वाचते आहे. वाचनालयातल्या बाईंनी मला कोपऱ्यातलं टेबल दिलंय. शेजारी शब्दकोश असतो. एका बैठकीत एखादं पान होतं, कधी तेवढंही नाही. मला वाटायचं नस म्हणजे पोकळ नळ. तसं नाही. ती जाड दोरखंडासारखी आहे, आत शेकडो धागे, आणि प्रत्येक धागा एका पेशीचा लांबवलेला हात आहे. तुटला की तो हात आंधळ्यासारखा चाचपडत वाढतो. त्याला काहीतरी धरायला लागतं. अगदी गुळगुळीत जागा त्याला आवडत नाही. शिवाय या पेशी एकमेकींशी बोलतात ते विजेच्या बारीक झटक्यांनी, आणि कार्बनमधून वीज जाते. म्हणून तो थर. आधी भांड्यात वाढवलेल्या पेशींवर करून बघितलं, मग उंदरांवर, मग माणसांवर. ठकी पहिली नाही. हे मी स्वतः विचारून घेतलं.

पेन्सिलीत शिसं नसतं, तोही कार्बनच, हे तुम्हाला माहीत होतं का? मला या वयात कळलं.

तुमची
भावजय


२९ मार्च

वन्सं,

उत्तर नाही, पण तुमच्या शेजारणीनं फोनवर सांगितलं की पाकीट फोडलेलं टेबलावर दिसलं. बरं वाटलं.

इथं सगळं ठीक. ठकी दुकानात जाते, गल्ल्यावर बसते. मालक म्हणतो, हिला गल्ल्यावर बसवल्यापासून गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, घाबरतं. तुमच्यावर गेलीय.

डॉक्टरांनी घरी करायला एक काम दिलंय. नसेचं वाढणारं टोक फार हळवं असतं. हातावर बोटानं टिचकी मारत गेलं की ज्या जागी ते टोक पोचलं असेल तिथं झिणझिण्या बोटांपर्यंत जातात. म्हणजे आतलं दिसत नसलं तरी बाहेरून माग काढता येतो. रोज जेवण झालं की ठकी हात टेबलावर ठेवते आणि मी टिचक्या मारते. दार ठोठावल्यासारखं. ती म्हणते, “आई, आत कोणी आहे का विचार.” मी म्हणते, “आहेत, पण आत्यासारखे आहेत, आवाज देत नाहीत.”

प्रगती आहे. बाकी ठीक.

सध्या कारखान्यातल्या काजळीबद्दल वाचते आहे. ते वेगळं पुस्तक आहे. ते वाचायला जास्त वेळ लागतोय.

तुमची
भावजय


१७ मे

वन्सं,

मागच्या पत्रात प्रगती आहे असं लिहिलं. नाही.

झिणझिण्या जिथं मार्चमध्ये होत्या तिथंच आहेत, टाक्यांच्या जागी. एक केसभर पुढे नाहीत. मी रोज कोपरापासून खाली येते. काही नाही, काही नाही, आणि मग जखमेवर आले की ठकी “आई गं” म्हणते. रोज तिथंच. आता तर ती हात ठेवतानाच तोंड फिरवून बसते. विनोद संपलेत. परवा तिनं दुकानात काचकटर उजव्या हातात धरून बघितला आणि तो कधी गळून पडला ते तिला कळलंच नाही. आवाज आल्यावर कळलं. मालकानंच मला सांगितलं, तिनं नाही.

उद्या डॉक्टर चार महिन्यांनी हात उघडून बघणार आहेत. उघडून म्हणजे तपासून. नळीत काही वाढलं नसेल तर ती काढायची आणि पायातली नस घ्यायची, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. म्हणजे हातही गेला आणि पाऊलही.

तुमचं खरं होतं की काय असं मला वाटायला लागलंय. कारखान्यातल्या काजळीचं पुस्तक मी संपवलं. त्यात छातीचं चित्र आहे. ते बघून मी पुस्तक मिटलं आणि परत करताना वाचनालयातल्या बाईंना वाटलं मला बरं नाही, त्यांनी खुर्ची दिली. रात्री ठकीच्या हाताकडे बघते तेव्हा तेच चित्र दिसतं. आत काळं, आणि कशालाच वाट नाही.

खरं सांगायचं तर भीती मला तुमच्याही आधीपासून आहे. असो.

हे असते तर काय म्हणाले असते याचा विचार करते. काही म्हणाले नसते. ठकीच्या हातावर टिचकी मारत बसले असते.

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा काय ते कळलेलं असेल. तरी टाकते आहे. दुसऱ्या कुणाला लिहू?

भावजय


१९ मे

वन्सं,

परवाचं पत्र आधी आलं असेल तर ते बाजूला ठेवा. मी मूर्ख आहे. हे वाक्य मी इतक्या आनंदानं कधी लिहिलं नव्हतं.

काल डॉक्टरांनी विचारलं, “घरी टिचकी मारून बघता ना? कुठपर्यंत आलंय?”

मी म्हटलं, “टाक्यांच्या पुढे जातच नाही.”

“दाखवा बरं कशी बघता.”

मी ठकीचा हात घेतला, कोपरापासून सुरुवात केली, टिचक्या मारत खाली आले, टाक्यांपाशी ठकी कळवळली, मी थांबले.

ते म्हणाले, “मग पुढे?”

“पुढे काय? तिला तिथं लागलं ना.”

“आणि रोज तुम्ही इथंच थांबता?”

“लागल्यावर आणखी कशी मारू?”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. हसू दाबत होते. म्हणाले, “मावशी, तो नस नळीला जोडली तिथला सांधा आहे. तिथं झिणझिण्या वर्षानुवर्षं येणार. मी सांगितलं होतं की बोटांकडून वर या.”

सांगितलं होतं, वन्सं. ऐकलंही होतं. पण मी घरी येऊन माझं डोकं चालवलं. नस कोपराकडून बोटांकडे वाढते हे मी वाचलेलं. मग माग काढायचा तर ती निघते तिथूनच काढायला नको का, पाहुणा गावातून निघाला की त्याच्या मागे मागे जावं तसं? आणि पहिल्यांदा “आई गं” ऐकलं की माझा हात पुढे जायचाच नाही. तिला दुखतंय त्याच्यापुढे काय असेल ते बघायचं मला सुचलंच नाही.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला, ठकीचा तळहात उघडला आणि मधल्या बोटाच्या टोकापासून वर यायला लागले. बोट, काही नाही. तळहाताचा मध्य, काही नाही. मग तळहाताचा अंगठ्याकडचा खालचा भाग, मनगटाच्या घडीला लागून. तिथं टिचकी पडली आणि ठकीनं हात असा झटकला की डॉक्टरांचा चष्मा उडाला.

“काय झालं?”

“बोटात वीज गेली,” ती म्हणाली. “मधल्या बोटात. जे आहे हेच कळत नव्हतं त्या बोटात.”

नळी केव्हाच पार झाली होती, वन्सं. ती फट ओलांडून, खाली उतरून, मनगट मागे टाकून ते धागे तळहातात आलेले. आम्ही दोघी रोज जेवणानंतर दाराशी रडत बसलो होतो आणि पाहुणा आत येऊन बसला होता.

नळीवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी स्वतः टिचकी मारून बघितली, मग खिडकीशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. नाक शिंकरल्याचा आवाज आला.

येताना बसमध्ये ठकी म्हणाली, “आई, तू वाचणं बंद कर.” आणि मग इतकी हसली की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. मलाही हसू आवरेना. यांना जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून असं हसलेलं मला आठवत नाही. हसता हसता यांची आठवण आली तरी हसू गेलं नाही, दोन्ही शेजारी शेजारी बसली.

तुमची
भावजय


२ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. “हात कसा आहे. मी येत नाही.” दोन वाक्यं, पण दुसऱ्याची काही गरज नव्हती, मी बोलावलं कुठं होतं?

आता बोलावते.

स्पर्श आलाय. पण तो घोटाळा करतो. ठकी डोळे मिटून बसते, मी अंगठ्याला शिवले की ती म्हणते मधलं बोट. मधल्याला शिवले की म्हणते, अंगठ्याशेजारचं. डॉक्टर म्हणाले, इतके धागे वाढत येतात, सगळे आपापल्या जुन्या जागी पोचत नाहीत, शेजाऱ्याच्या घरात शिरतात. हात बरा झाला, आता डोक्याला नवीन पत्ते शिकवायचे. त्यासाठी रोज कोणीतरी शिवायचं, तिनं ओळखायचं, चुकलं की डोळे उघडून बघायचं.

अडचण अशी की माझ्याकडून ते होत नाही. माझा क्रम ठकीला पाठ झालाय. मी मुद्दाम उलटसुलट करते तर ती म्हणते, “आई, तू चुकवायला जातेस तेव्हा नेहमी मधल्यावर जातेस.” लहानपणी पत्ते खेळताना तुमचा डाव तिला कधी ओळखता आला नाही, आठवतं? तुमच्या चेहऱ्यावर काही दिसतच नाही. मला तर आठ महिने दिसलेलं नाही, मी खात्रीनं सांगू शकते.

खालच्या खोलीत पलंग घातलाय. जिना चढायला नको.

भावजय


१४ डिसेंबर

वन्सं,

तुम्ही गाडीत बसलात तेव्हा काचेतून काहीतरी बोललात, ऐकू आलं नाही. तुम्ही आलात, तीन आठवडे राहिलात आणि सगळा वेळ माझ्याशी ठकीमार्फत बोललात. “तुझ्या आईला सांग, मीठ कमी आहे.” “तुझ्या आईला सांग, पडदे धुवायला झालेत.” मी शेजारी उभी. पडदे धुतले.

ठकी आता दहातल्या नऊ वेळा बोट बरोबर सांगते. तुमच्याकडून शिकल्यावर माझं तर तिला फारच सोपं वाटतं. मागच्या आठवड्यात मालकानं तिला एक लहान काच कापायला दिली. रेघ थोडी वाकडी गेली. ती म्हणाली, कटर काचेवर चावतो ते पुन्हा हाताला कळलं. मालकानं ती काच फेकली नाही, गल्ल्यामागे उभी करून ठेवलीय.

एक गोष्ट तुमच्यासमोर बोलले नाही, ती लिहिते. नळीवाल्या बाईंनी आपल्याला त्यांच्या प्रयोगशाळेत नेलं तो दिवस. तुम्ही सूक्ष्मदर्शकात बघत होतात आणि मी तुमच्याकडे. काळ्या थरावर त्या पेशी हातपाय पसरून चालल्यात, हे बाई सांगत होत्या. तुम्ही कितीतरी वेळ मान वर केली नाही. मग विचारलंत, “माझ्या भावाच्या छातीत असंच दिसत असेल?”

बाई म्हणाल्या, “नाही. तिथं मोकळी धूळ गेली. ती उचलायला ज्या पेशी येतात, त्यांना ती पचत नाही आणि टाकताही येत नाही, त्या तिथंच दमून पडतात. इथं ती घट्ट बसवलेली आहे. आणि मज्जातंतूची पेशी ती खायला जात नाही, तिच्यावर पाय रोवते.”

“आणि सुटली तर?”

“थोडी सुटेल. म्हणून तर ठकीला पुढची बरीच वर्षं तपासायला बोलावणार. सगळं ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही.”

“हे आधी सांगितलं असतंत तर मी एवढी भांडले नसते.”

“सांगणार होते. तुम्ही निघून गेलात.”

मग तुम्ही पुन्हा खाली वाकलात आणि भिंगाशीच बोलल्यासारखं म्हणालात, “त्याला तिथं मीच लावला.” बाईंना वाटलं तुम्ही पेशींबद्दल काही म्हणताय. मला कळलं.

वन्सं, तुमच्या यजमानांनी शब्द टाकला आणि यांना काम मिळालं, ही गोष्ट हे सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. रस्त्यावरून मोठी गाडी गेली की मला कोपर मारून म्हणायचे, “बघ, चाललंय माझं काम.” चाकं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. कामावर जाताना त्यांना मी कधी कुरकुरताना ऐकलं नाही. धूळ किती वाईट ते तेव्हा ना तुम्हाला माहीत होतं ना मला. शेवटच्या महिन्यात त्यांना बोलताना धाप लागायची, तेव्हाही ते तुमचं नाव घेऊन विचारायचे, ताईचा फोन आला का. राग असलेला माणूस असं विचारत नाही. मी त्यांच्या उशाशी होते, म्हणून सांगते. ते ओझं खाली ठेवा. मी कधी तुमच्या डोक्यावर ते बघितलं नव्हतं, परवा पहिल्यांदा दिसलं.

पुढच्या वेळी पडदे तुम्ही धुवा.

ठकीला काही लिहायचंय म्हणते, कागद तिच्याकडे देते.

तुमची
भावजय


आत्या,

आईला चहा ठेवायला पिटाळलंय. हे उजव्या हातानं लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस, आधीही असंच होतं.

एक सांगायचं राहिलंय. आईनं मला हो म्हणायला लावलं नव्हतं. ती नकोच म्हणत होती, तुझ्यापेक्षा जास्त. ऑपरेशनला आत नेईपर्यंत माझ्याशी धड बोलत नव्हती. हो मी म्हटलं, मला शिडी सोडायची नव्हती. तू बाहेर ओरडत होतीस ते मला आत ऐकू येत होतं आणि ती काय म्हणाली तेही. तिला वाटलं असेल, आपली नणंद तुटली तरी चालेल, पोरीची आत्या तुटू नये.

तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धर. आणि तिच्याशी सरळ बोल, मी काही तुमची टपालवाली नाही.

कप वाजले. येतेय ती. हे तिला वाचू देणार नाही, पाकीट मीच चिकटवते. घडी घालताना कागदाची कड बोटाला लागली. अंगठ्याशेजारच्या. बरोबर तिथंच कळली.

ठकी